विंडोज टाकताना पीसी सारखा रीस्टार्ट होतो? आधी तो कधी होतो ते बघा

झेरॉक्सवाले काका तिसऱ्यांदा सीपीयू घेऊन आले तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. कॅबिनेट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर टॉवेल, वर छत्री धरलेली, आणि काका स्वतः चिंब. टेबलावर डबा ठेवत म्हणाले, "तुझ्याकडे शहाण्यासारखा वागतो रे, माझ्याकडे आला की परत तेच."

तेच म्हणजे काय, तर विंडोज टाकायला घेतली की मध्येच पीसी रीस्टार्ट. कधी पस्तीस टक्क्यांवर, कधी साठवर. एकदा तर सगळं होऊन, नाव विचारायच्या पडद्यावर आल्यावर. पहिल्या वेळी मी पेनड्राइव्ह बदलला, दुसऱ्या वेळी रॅम बदलली. दोन्ही वेळा माझ्या टेबलावर विंडोज पहिल्या फटक्यात पडली, दोन्ही वेळा मी पैसे घेतले, आणि दोन्ही वेळा दोष तिथे नव्हताच. नव्या रॅममुळे काम झालं असं मला आठवडाभर वाटत होतं, एवढंच.

त्या मशिनचं पुढे काय निघालं ते शेवटी सांगतो. या एका तक्रारीसाठी माणसं वर्षभर येतात, आणि प्रत्येक जण येताना उत्तर घेऊनच येतो: "रॅम गेली असेल", "हार्ड डिस्क गेली असेल". मी आता एकच प्रश्न विचारतो. रीस्टार्ट नेमका कधी झाला? कागद घ्या, तीन वेळा प्रयत्न करा, प्रत्येक वेळी किती टक्के, पडद्यावर काय होतं आणि चालू केल्यापासून किती मिनिटं झाली ते लिहा. तिन्ही वेळा एकच जागा असेल तर दोष बहुतेक पेनड्राइव्ह, डिस्क किंवा सेटिंगमध्ये. तिन्ही वेळा वेगळी जागा असेल तर विंडोजला शिव्या देणं थांबवा आणि स्क्रू ड्रायव्हर काढा.

मुळात काही रीस्टार्ट व्हायचेच असतात

विंडोजचं इन्स्टॉलेशन एका बैठकीत होत नाही. आधी पेनड्राइव्हवरून फायली डिस्कवर उतरतात, मग पहिला रीस्टार्ट. त्यानंतर डिस्कवरून चालू होऊन डिव्हाइस ओळखण्याचं काम, मग बहुधा आणखी एक रीस्टार्ट, आणि मग देश, कीबोर्ड, नाव वगैरे प्रश्न. म्हणजे दोन-तीन वेळा पीसी आपणहून बंद-चालू झाला तर त्यात बिघाड काही नाही.

गंमत पहिल्या रीस्टार्टला होते. बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डचं सेटिंग) पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर असेल तर पीसी पुन्हा त्याच्यावरूनच उठतो आणि भाषा निवडायचा पहिला पडदा परत समोर येतो. माणूस बिचारा पुन्हा "नेक्स्ट" दाबतो, पुन्हा पार्टिशन उडवतो, पुन्हा तेच. एकाने रात्री दोनपर्यंत असं चार वेळा केलं होतं. उपाय: पहिल्या रीस्टार्टला पडदा काळा झाला की पेनड्राइव्ह उपटा. त्याहून बरं म्हणजे बूट ऑर्डरला (पीसीने आधी कशावरून उठायचं त्या क्रमाला) हातच लावू नका, एकदाच चालणारा बूट मेनू वापरा. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयच्या बोर्डला एफ११, असुसच्या डेस्कटॉप बोर्डला एफ८. जुन्या पद्धतीच्या बूटमध्ये "कोणतंही बटण दाबा" असं आलं तर दुसऱ्या वेळी काहीही दाबायचं नाही, हात मांडीवर.

पेनड्राइव्ह काढल्यावर "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं आलं, तर मशिनमध्ये दोन डिस्क आहेत का बघा. विंडोज नव्या एसएसडीवर आणि तिला उठवणारी छोटी पार्टिशन जुन्या हार्ड डिस्कवर, असा घोळ सेटअप सहज घालतं. मी विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली ठेवतो, बाकीच्यांच्या केबल काढतो. चुकून दुसऱ्याच डिस्कवरचे लग्नाचे फोटो उडण्याची भीतीही त्यात जाते.

सेटअपची निळी खिडकी यायच्या आधीच रीस्टार्ट

हा प्रकार अलीकडे फार वाढलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुनी मशिनं "अकरा टाकून द्या" म्हणत माझ्याकडे यायला लागली. पेनड्राइव्हवरून चालू केलं की लोगो दिसतो आणि पीसी रीस्टार्ट. परत लोगो, परत रीस्टार्ट. प्रत्येक वेळी एकाच जागी, सेकंदाचाही फरक नाही.

मशीन कोअर टू ड्युओ किंवा कोअर टू क्वाड असेल तर पुढे काही तपासूच नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपकाउंट नावाची सूचना (प्रोसेसरला आतून दिली जाणारी एक आज्ञा) यावीच लागते, आणि या प्रोसेसरना ती येत नाही. इंटेलकडे ती २००८ च्या शेवटी आलेल्या पहिल्या कोअर आय७ पासून आहे. रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या गोष्टींची अट काढून टाकायची सोय आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की हेही असंच कुठेतरी टिक काढून जाईल. जात नाही. टीपीएम ही सेटअपने तपासायची अट आहे, ती चुकवता येते. ही सूचना खुद्द विंडोजच्या गाभ्यात वापरलेली आहे, आणि प्रोसेसरला ती कळतच नाही म्हणून तो कोलमडतो. अशा मशिनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकून देतो. टायपिंग, ब्राउझर, प्रिंट एवढंच काम असलेली माणसं पहिले चार दिवस कुरकुरतात, मग विसरतात.

एकाच जागी अडत असेल तर

पेनड्राइव्ह आधी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने नवा बनवा, मित्राकडून आणलेली "सगळ्या विंडोज एकात" वाली फाइल नको. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या, थेट बोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर कित्येकदा अर्धवट बसलेली असते.

नुसता रीस्टार्ट न होता आधी एरर येत असेल आणि कोडच्या शेवटी ०५७० किंवा ०२५डी असेल, तर वाचलेली फाइल खराब निघतेय एवढा त्याचा अर्थ. फाइल पेनड्राइव्हवर खराब असेल, डिस्कवर उतरताना झाली असेल किंवा मधल्या वाटेवर रॅममध्ये. पेनड्राइव्ह बदलूनही तोच कोड आला तर रॅमकडे वळा.

आणखी एक नेहमीचा संदेश: "संगणक अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला, इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही" अशा अर्थाचा. ओके दाबलं की रीस्टार्ट, परत तोच संदेश, आणि हे चक्र संपत नाही. इथे संदेश पडद्यावर असतानाच शिफ्ट आणि एफ१० दाबा, लॅपटॉपवर सोबत एफएनही लागेल. काळी खिडकी उघडली की रेजएडिट (regedit) टाइप करा. एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, मग सेटअप, मग स्टेटस, मग चाइल्डकम्प्लिशन. उजवीकडे सेटअप डॉट ईएक्सईची किंमत १ असते, ती ३ करा, सगळं बंद करून ओके दाबा. बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. पण हे म्हणजे अडलेल्या बैलाला शेपूट पिरगळून उठवणं. मुळात मध्ये रीस्टार्ट का झाला हे त्यातून कळत नाही, आणि अशी अर्ध्यावरून ओढलेली विंडोज मी ग्राहकाला देत नाही. कारण शोधतो, डिस्क साफ करतो, पहिल्यापासून टाकतो.

रीस्टार्टच्या आधी क्षणभर निळा पडदा लखकन येऊन जातो का तेही बघा. डोळ्याला वाचता येत नाही. मोबाइल समोर उभा करून स्लो मोशनमध्ये शूटिंग लावा, मग एकेक चित्र थांबवून वाचा. "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" दिसलं तर बायोसमध्ये साटाचा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती पद्धत) कुठे आहे ते पाहा, एएचसीआय की रेड (RAID) की आयडीई. तो इन्स्टॉलेशनच्या मध्यावर आपोआप बदलतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल मेला असेल तर लाईट गेल्यावर बायोस सगळं विसरतं आणि मोड मूळपदावर जातो. बायोसमधली तारीख दहा-बारा वर्षं मागे दिसली की आधी सीआर २०३२ सेल बदलायचा. "व्हीया अनकरेक्टेबल" असं दिसलं तर मात्र सरळ हार्डवेअर.

जागा दर वेळी वेगळी असेल तर

पहिली चाचणी फुकटची आहे. पेनड्राइव्ह काढा, बायोसमध्ये शिरा आणि अर्धा तास मशीन तसंच सोडून चहाला जा. बायोसमध्ये बसल्या बसल्या रीस्टार्ट झाला तर विंडोज, पेनड्राइव्ह आणि डिस्क तिघंही सुटले. अर्धा तास टिकला तर मात्र कुणीच सुटलं नाही, कारण तिथे मशिनवर ओझं फार नसतं.

चहाहून आल्यावर हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडून प्रोसेसरचं तापमान वाचा. बायोसमध्ये प्रोसेसर झोपत नाही, त्यामुळे विंडोजमधल्या निवांत वेळेपेक्षा आकडा थोडा चढाच असतो. पण पाच मिनिटांत ऐंशीच्या वर चढत सुटला तर पंखा उघडा. इंटेलसोबत येणाऱ्या पंख्याच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एक सुटलेला असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की मी प्रोसेसर आणि पंख्यामधली पेस्ट बघायच्या आधी चारही पाय बोटाने हलवून बघतो. मात्र एक खूण ध्यानात ठेवा: तापल्यामुळे मशीन सहसा पूर्ण बंद पडतं, आणि लगेच चालू केलं की लगेच पुन्हा पडतं. आपणहून उठून बसत असेल तर संशय दुसरीकडे न्या.

उदाहरणार्थ कॅबिनेटच्या रीसेट बटणाकडे. हसू नका. आमच्या कोकणातल्या दमट हवेत ती स्वस्तातली बटणं आतून गंजतात, चिकटतात, आणि टेबलाला धक्का लागला की आपोआप दाबली जातात. बोर्डच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी येतात, त्यातली रीसेटची दोन पिनांची टोपी उपटून ठेवा. मशीन त्याशिवाय व्यवस्थित चालतं. एका क्लासमधला पीसी मी या एका टोपीवर बरा केलाय आणि त्याचे पैसे मागायची मलाच लाज वाटली.

मग रॅम. इन्स्टॉलेशनमध्ये दाबून भरलेल्या फायली उलगडल्या जातात, त्या सगळ्या रॅममधून जातात. एरवी ब्राउझरपुरती चालणारी रॅम इथे तोंडघशी पडते. लाईट बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मग रॅम काढा. सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुकटी ब्रशने झाडा. खोडरबराची भुकटी स्लॉटमध्ये गेली तर जुना रोग बरा आणि नवा सुरू. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून टाकून बघा, स्लॉटही बदलून बघा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायचं सेटिंग) चालू असेल तर विंडोज पडेपर्यंत बंद ठेवा. खात्री हवी असेल तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावून ठेवा. सकाळी लाल ओळ एक असो की हजार, अर्थ एकच.

वेगळं ग्राफिक कार्ड असेल आणि बोर्डला स्वतःचा डिस्प्ले असेल तर कार्ड काढून ठेवा. त्याने एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, ओझंही कमी होतं.

एसएमपीएस हा मात्र लबाड गडी. मल्टिमीटरने पिवळी आणि काळी वायर मोजली तर १२ व्होल्ट दाखवतो. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. पण पाव सेकंदाची डुबकी साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. म्हणून मी मोजण्यात वेळ घालवत नाही, चांगला एसएमपीएस जोडून बघतो. जुना उघडून आतले कपॅसिटर फुगलेत का बघायचे असतील तर बघा, पण वायर काढल्यावरही आत वीज धरून असते, बोट घालू नका. पावसाळ्यात मला तिथे मेलेली पालही सापडते.

एवढ्यानेही ताळमेळ लागला नाही तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, काही इन्स्टॉल न करता तासभर व्हिडिओ चालवा. तिथेही रीस्टार्ट झाला तर डिस्क आणि विंडोज दोघंही निर्दोष सुटले.

काकांच्या मशिनचं

हे सगळं मी तिसऱ्या फेरीत केलं. बायोसमध्ये तास, मेमटेस्ट रात्रभर, दुसरा एसएमपीएस, लाइव्ह लिनक्स. एक चूक नाही. विंडोज पुन्हा निमूट पडली. मग डोक्यात प्रकाश पडला की काका पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते: तुझ्याकडे नीट, माझ्याकडे नाही. मी मशीन तपासत होतो, जागा तपासत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सीपीयू, पेनड्राइव्ह आणि कागद घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. डिस्कवरचं सगळं काढून इन्स्टॉलेशन लावलं. १० वाजून ४० मिनिटांनी सुरू, ५२ ला एक बाई आधार कार्डच्या प्रती काढायला आल्या. काकांनी झाकण उघडलं, हिरवं बटण दाबलं. झेरॉक्स मशीन बराच वेळ निजलेलं होतं, ते तापायला लागलं. वरची ट्यूबलाईट क्षणभर मंद झाली, टेबलाखाली यूपीएसने "टक" केलं आणि पीसीचा पडदा काळा. ४१ टक्के.

काका म्हणाले, "बघ, केलं की नाही?" मी म्हटलं, "काका, अजून एक प्रत काढा." मशीन आता तापलेलं होतं, काही झालं नाही. मग वीस मिनिटं कुणी आलं नाही, झेरॉक्स पुन्हा निजलं, नंतर शाळेची दोन पोरं आली आणि पुन्हा ट्यूब मंद, टक, काळा पडदा.

झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजून बसवणारा रोलर असतो. तो तापवताना काही क्षण शेकडो वॅट ओढले जातात, मोठ्या मशिनमध्ये हजाराच्या घरात. काकांकडे झेरॉक्स आणि यूपीएस एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, आणि तो बोर्ड लांबून आणलेल्या बारीक वायरीवर. ओढ लागली की व्होल्टेज बसायचं. यूपीएस आपलं इमानी काम करून बॅटरीवर जायचा, पण बॅटरी चार वर्षांची, मेलेली. डेस्कटॉपचा (एटीएक्स) एसएमपीएस आपल्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आपल्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. तेवढ्यात वीज परत आली नाही की रीस्टार्ट. मुळात त्यांची विंडोज सारखी खराब का व्हायची, तेही यातच आलं. दिवसातून पाच-सहा वेळा अशी मान मुरगळल्यावर कुठली विंडोज टिकणार? मेलेल्या बॅटरीचा यूपीएस नसलेल्या यूपीएसपेक्षा वाईट. यूपीएस मधे नसता तर त्या छोट्या डुबकीत एसएमपीएस बहुधा तरून गेला असता.

वायरमनला बोलावून झेरॉक्ससाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी टाकली. पीसी आणि मॉनिटर यूपीएसवर, प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटवर. मग पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉलेशन लावलं आणि काकांना सांगितलं, आता गिऱ्हाईक थांबवू नका. कुणाचा तरी सातबारा आणि फेरफार मिळून चाळीस प्रती होत्या. ते पानं मोजत होते, मी टक्के मोजत होतो. ट्यूब हलली नाही.

दुसऱ्या फेरीतल्या रॅमचे पैसे मी परत करायला गेलो तर काकांनी घेतले नाहीत. काढलेली जुनी पट्टी त्यांनी गल्ल्यात जपून ठेवली होती. मेमटेस्ट लावून बघितली, ठणठणीत. आता दोन्ही पट्ट्या त्याच मशिनमध्ये आहेत.